दुसऱ्या वहीचा मागोवा

1998 चा नोव्हेंबर. वेसाव्याच्या कोळीवाड्यात, एका घराच्या ओट्यावर, माझी आयुष्यातली पहिली संशोधन-मुलाखत. समोरची बाई पाटीतले बोंबील निवडत होती. मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं, प्रश्नांचा कागद उलगडला, आणि तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, "कोनाची गो तू?"

मी विद्यापीठाचं नाव सांगितलं.

"कालेजाची नाय इचारत. घरची कोनाची?"

मी आडनाव सांगितलं, मग गाव. आडनाव ऐकून तिचे हात थांबले. "म्हंजे तू मावरा खात नसशील." मी मान हलवली. तिने पाटी जरा लांब सरकवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बोल आता."

माझा विषय होता पावसाळ्याच्या मासेमारी बंदीत मासळी विकणाऱ्या बायकांच्या मनावर येणारा ताण. मुलाखतीचं शब्दांकन करताना ही सुरुवातीची तीन मिनिटं मी सोडून दिली. मार्गदर्शकांनीही तेच सांगितलं होतं: मुलाखत आपल्या पहिल्या प्रश्नापासून धरायची, आधीचं ते इकडचंतिकडचं. पुढे अनेक वर्षं संशोधनपद्धती शिकवल्यावर माझं मत पक्कं झालं की त्या मुलाखतीतली सगळ्यात महत्त्वाची घटना त्या तीन मिनिटांतच घडली होती. त्या बाईने मला ओळखलं, माझी अडचण हेरली, पाटी सरकवून माझी सोय केली आणि मग ती बोलली. पुढचा दीड तास ती जे बोलली, ते जिच्यासाठी पाटी लांब सरकवावी लागते अशा बाईशी बोलली.

गुणात्मक संशोधन करणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला आज दोन वह्या ठेवायला सांगतात. पहिलीत लोक काय म्हणाले ते लिहायचं. दुसरीत आपण कोण म्हणून ऐकलं, काय ऐकून चरकलो, कुठे विषय बदलला, कुणी आपल्याला काय विचारलं, हे लिहायचं. या दुसऱ्या वहीमागच्या विचाराला पाठ्यपुस्तकं रिफ्लेक्झिव्हिटी म्हणतात. मी वर्गात संशोधकाचं आत्मभान म्हणते. ही वही ब्रिटिश आणि अमेरिकी पुस्तकांतून आपल्याकडे आली असं बहुतेक विद्यार्थी धरून चालतात. मीही तसंच धरून चालले होते.

माझ्या कितीतरी आधी हा किनारा वहीत उतरवला गेला होता. वेसावं साष्टीत, आणि साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात. मुंबई उपनगर जिल्हा 1920 साली वेगळा झाला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर 1882 चा. त्यात जातीजमातींची वर्णनं एका ठरलेल्या साच्यात येतात: अंगकाठी, पेहराव, घरं, खाणंपिणं, सण, लग्नाची रीत आणि स्वभाव. अख्ख्या समाजाचा स्वभाव दोनचार विशेषणांत उरकलेला असतो. मानसशास्त्राचा विद्यार्थी इथे थांबायला हवा, कारण स्वभाव सांगणारी ही वाक्यं कुणाच्या तोंडची आहेत ते कुठेच लिहिलेलं नाही. माहिती गोळा होत होती सरकारी यंत्रणेमार्फत, म्हणजे ज्यांच्याकडे सारा भरायचा त्यांच्याच कचेऱ्यांतून. सारा वसूल करणाऱ्यापुढे माणूस जसा वागतो तसा तो वागला, आणि तेवढंच कागदावर त्याचा स्वभाव म्हणून राहिलं.

त्यानंतर 1959 साली विजया पुणेकर यांचं मुंबईच्या सोनकोळ्यांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. वेसाव्याला जाण्याआधी मी ते वाचलं होतं, आणि एका मराठी बाईने हे काम केलं याचा मला तेव्हाही अभिमान वाटला होता. त्या पिढीच्या समाजशास्त्रीय लिखाणाची शिस्त अशी होती की अभ्यासकाने पानावर दिसू नये. मी हीच शिस्त घेऊन कोळीवाड्यात शिरले. पहिल्या दिवशीच्या माझ्या टिपणात एक ओळ आहे: परिसरात तीव्र दुर्गंधी. कर्त्याविना लिहिलेली ओळ. दुर्गंधी कुणाला आली, याचा त्यात पत्ता नाही. बांबूंवर दोऱ्या बांधून वाळत घातलेल्या बोंबलांचा तो वास त्या गल्लीतल्या बायांना हंगाम कसा चाललाय ते सांगत होता. माझ्या नाकाला ते कळत नव्हतं आणि मी नाकाची मर्यादा गावाच्या नावावर लिहून टाकली. गॅझेटियरपासून माझ्यापर्यंत एकशे सोळा वर्षं गेली होती. वाक्याची घडण तशीच राहिली होती.

मानसशास्त्राची या बाबतीतली कहाणी जरा विचित्र आहे. या शास्त्राची सुरुवातच स्वतःकडे पाहण्यापासून झाली. विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथे प्रशिक्षित निरीक्षक स्वतःच्या संवेदनांची नोंद करत. दोन निरीक्षकांच्या नोंदी जुळेनात, तेव्हा वाद वाढले, आणि 1913 साली जॉन वॉटसन यांनी जाहीर केलं की मानसशास्त्राने अंतर्निरीक्षण सोडून फक्त वर्तन पाहावं. आत पाहणं बंद झालं. त्याच्याबरोबर पाहणाऱ्याकडे पाहणंही बंद झालं, आणि हे नुकसान फार मोठं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. त्या एकत्रच बाहेर टाकल्या गेल्या.

गंमत अशी की पाहणाऱ्याकडे पाहायला हवं याचा पक्का पुरावा तोवर मिळालेला होता, तोही प्रयोगातूनच. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाक्यांची उत्तरं टाप आपटून देत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी कसून तपास केला आणि 1907 साली तो प्रसिद्ध केला. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल तरच घोड्याला ते येई. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित पुढे झुके; टापांचा आकडा बरोबर जागी आला की त्याचं डोकं बारीकसं वर उचललं जाई, आणि घोडा थांबे. यातला मला सर्वांत भिडलेला भाग पुढचा आहे. हे सगळं कळल्यानंतरही फुंग्स्ट यांना स्वतःच्या डोक्याची ती हालचाल पुरती थांबवता येईना. आपण खूण देतोय हे माहीत असणं आणि खूण न देणं यात एवढं अंतर आहे. दुसरी वही ठेवली की पूर्वग्रह जातो असं मानणाऱ्या प्रत्येकाने हा घोडा लक्षात ठेवावा.

1963 साली रॉबर्ट रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्याने हीच गोष्ट उंदरांवर दाखवली. विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. काहींना सांगितलं, हे हुशार वाणाचे, काहींना सांगितलं, हे मठ्ठ वाणाचे. वाटणी प्रत्यक्षात सरमिसळ केलेली होती. तरी 'हुशार' उंदीर चक्रव्यूहात चांगले निघाले. प्रयोग करणाऱ्याची अपेक्षा उंदरापर्यंत पोचत असेल, तर ओट्यावर समोरासमोर बसलेल्या बाईपर्यंत ती पोचत नाही असं म्हणण्याला काय आधार राहतो?

प्रयोगशाळेबाहेर, उपचाराच्या खोलीत, आणखी एक धागा चालू होता. रुग्णामुळे विश्लेषकाच्या मनात जे उसळतं त्याबद्दल फ्रॉइड 1910 साली बोलले, तेव्हा त्यांच्या लेखी तो अडथळा होता. विश्लेषकाने तो ओळखून आवरायचा. 1950 साली पाउला हाइमान यांनी एका छोट्या निबंधात उलट बाजू मांडली: विश्लेषकाच्या मनातली खळबळ हे रुग्णाला समजून घ्यायचं साधनच आहे. जॉर्ज डेव्हरो यांनी हा विचार सगळ्या मानवी शास्त्रांना लावला. 1967 सालच्या त्यांच्या पुस्तकाचं म्हणणं असं की माणसांचा अभ्यास करताना संशोधकाला भीती वाटते, किळस येते, ओढ लागते, आणि त्या अस्वस्थतेला झाकण्यासाठी तो पद्धतीची ढाल पुढे करतो. माझी 'दुर्गंधी' मी या पुस्तकामुळे ओळखू शकले. मी तिला परिसराचं वर्णन म्हणत होते, ती ढाल होती.

त्याच 1967 मध्ये ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की यांची खाजगी दैनंदिनी त्यांच्या पत्नीने प्रसिद्ध केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीकडच्या बेटांवर राहून त्यांनी मानववंशशास्त्राला क्षेत्रकार्याचा वस्तुपाठ दिला होता. पोलिश भाषेतल्या या वहीत मात्र चिडचिड होती, तिथल्या लोकांविषयी तुच्छतेचे शब्द होते, एकटेपण होतं. जगभर खळबळ उडाली. ती दुसरी वहीच होती. फक्त लेखकाने ती लपवून ठेवली आणि मरणानंतर पंचवीस वर्षांनी ती उघडी पडली. पाश्चात्त्य अभ्यासक आत्मभानाचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा या धक्क्यापाशी येतात.

या धक्क्याच्या आधीचं एक मराठी पान मला इथे उघडायचं आहे.

इरावती कर्वे मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या विद्यार्थिनी. चित्पावन ब्राह्मणांवरचा प्रबंध त्यांनी 1928 साली पुरा केला, म्हणजे अभ्यासाची सुरुवातच स्वतःच्या जातीपासून. मग त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या आणि मानवी कवट्यांची मापं घेऊन 1930 साली डॉक्टरेट मिळवून परतल्या. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रभर माणसांची मापं घेतली. 1953 सालच्या त्यांच्या नातेव्यवस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथात भारतभरची नाती येतात. पाहणारी बाई या शास्त्रीय लिखाणात मागेच राहते.

आणि याच इरावतीबाई पंढरीच्या वारीत चालल्या तेव्हा काय लिहितात ते पाहा. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण बायका होत्या आणि मराठा बायकाही. एकच वाट, तेच अभंग, पण स्वयंपाक आणि पंगत वेगळी. बाई दोन्हीकडे वावरत होत्या. मराठा बायकांबरोबर जेवल्यावर त्या बायकांचा परकेपणा गेला, त्या हात धरून चालू लागल्या, घरचं सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असंही बोलणं झालं. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण पोरीने विचारलं की तिथे आल्यावर तुम्ही आमच्याशी आत्तासारख्याच वागाल का. तो साधा प्रश्न आपल्याला किती आत लागला ते बाईंनी लपवलं नाही. हजारो वर्षं शेजारी राहूनही आपण एकमेकांचे झालो नाही, या कबुलीपर्यंत त्या जातात. हा लेख 1962 साली इंग्रजीतही आला, मालिनोव्हस्कींची वही उघडण्याच्या पाच वर्षं आधी. आणि तो कुणी चोरून उघडला नव्हता. लिहिणारीने स्वतः सही करून छापला होता.

त्यांच्या 'परिपूर्ती' या लेखातही हाच प्रश्न वेगळ्या वेशात येतो. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते ती कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी म्हणून. काहीतरी राहून गेल्यासारखं त्यांना वाटतं. मग रस्त्यात शाळकरी पोरं त्यांच्याकडे बोट दाखवून आपापसांत बोलतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि ओळख पुरी होते. वेसाव्याच्या त्या बाईचा "कोनाची गो तू?" आणि हा लेख मी एकाच आठवड्यात शेजारी ठेवून वाचले, तेव्हा मला कळलं की त्या बाईने मला अगदी नेमका, पद्धतशीर प्रश्न विचारला होता. समोरचा माणूस कुठल्या नात्यांतून येतो ते कळल्याशिवाय त्याला काय सांगायचं हे ठरवता येत नाही.

मग मराठी विद्यार्थ्याला हे परदेशी पुस्तकातून का शिकावं लागतं? माझं उत्तर असं आहे: आपण पहिली वही शास्त्राच्या कपाटात ठेवली आणि दुसरी ललित लेखनाच्या. वारीवरचा लेख आपण मराठीच्या तासाला वाचला, शैलीसाठी, भाषेसाठी. संशोधनपद्धतीच्या तासाला तो कुणी आणला नाही. एकाच बाईच्या दोन वह्या दोन विभागांत विभागल्या गेल्या आणि त्यांची गाठ पडू दिली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घुर्यांचेच दुसरे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांच्या बाबतीत ही गाठ अपघाताने पडली. 1970 साली स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत म्हैसूरजवळच्या रामपुरा गावावरच्या त्यांच्या संस्कारित टिपणांच्या प्रती जळाल्या. 1976 चं 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' त्यांनी मुख्यतः आठवणीतून लिहिलं. टिपणं गेली आणि पानावर माणूस आला: आपण ब्राह्मण म्हणून कुठे राहिलो, कुणाच्या घरात वावरलो, त्यामुळे गाव वरच्या जातींच्या बाजूने दिसलं, हे त्यात त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे.

स्त्रियांच्या चळवळीने मात्र हे अपघातावर सोडलं नाही. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने 1974 साली स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू झालं, वेसाव्यापासून काही मैलांवर जुहूला. तिकडे इंग्लंडमध्ये अॅन ओकली बाळंतपणातून जाणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेत होत्या. पाठ्यपुस्तकांचा सल्ला असा की समोरच्याने प्रश्न विचारला तर हसून टाळावा. पण त्या बायकांनी ओकलींना आठशेहून जास्त प्रश्न विचारले, आणि ओकलींनी ते मोजले. पहिलटकरीण भेदरून काही विचारते आहे आणि आपण हसून टाळायचं, हे त्यांना जमेना. त्यांनी उत्तरं दिली आणि 1981 साली लिहिलं की मुलाखतीचं हे पुस्तकी तंत्र बायकांशी बोलताना निरर्थक ठरतं. पुढे 1988 साली स्यू विल्किन्सन यांनी आत्मभान हा विषय मानसशास्त्राच्या चर्चेत नावानिशी आणला. संशोधकाने स्वतःकडे पाहावं, आपल्या पद्धतीकडे पाहावं आणि आपल्या शास्त्राकडेही पाहावं, असे त्याचे पदर त्यांनी उलगडले.

पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, मुंबईत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध झालं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधत, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून झालेलं हे काम. इथे दाराशी "कोणाची?" असं विचारलं तर उत्तर होतं: तुमचीच. त्या उत्तराने जे दार उघडलं ते माझ्या आडनावाने उघडलं नसतं. म्हणून आत्मभान म्हणजे नुसता मनाचा प्रामाणिकपणा असं मी मानत नाही. कुणी विचारलं यावर काय सांगितलं जाईल ते ठरतं, आणि संशोधन करायला कुणाला मिळतं यावर आपल्याला समाज कसा दिसेल ते ठरतं. गोपाळ गुरू यांनी 2002 साली भारतीय समाजशास्त्रांपुढे हाच प्रश्न ठेवला होता: सिद्धान्त मांडणारे एका बाजूचे आणि अनुभव पुरवणारे दुसऱ्या बाजूचे, ही वाटणी किती दिवस चालणार?

आता दुसरी वही नियमात आली आहे. व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांचा विषयसूत्रं काढण्याच्या पद्धतीवरचा 2006 चा लेख मानसशास्त्राच्या जवळपास प्रत्येक गुणात्मक प्रबंधात उद्धृत होतो. त्यांचा आग्रह असा की सूत्रं मुलाखतीतून आपोआप वर येत नाहीत. ती संशोधक घडवतो. हे मला वेसाव्याच्या बंदरावर जितकं स्पष्ट दिसलं तितकं वर्गात कधी दिसलं नाही. डोल जाळं रिकामं केलं की बोंबील, मांदेली, जवळा, कोळंबी, सगळं एकत्र पडतं. पाट्या वेगळ्या होतात त्या बायांच्या हातांनी, आणि कुठली पाटी कशाला हे त्यांना बाजार ठाऊक असतो म्हणून ठरतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या 2018 च्या निकषांनी गुणात्मक शोधनिबंधात संशोधकाची पार्श्वभूमी आणि सहभागी लोकांशी असलेलं त्याचं नातं लिहायला सांगितलं. चांगली गोष्ट झाली. पण माझ्यासमोर येणाऱ्या प्रबंधांत आता शेवटी एक परिच्छेद असतो: मी शहरी, सुशिक्षित, अमुक जातीची. आणि आधीच्या दोनशे पानांवर त्या परिच्छेदाचा कुठेही परिणाम दिसत नाही. असा परिच्छेद मी परत पाठवते. तुमच्या जातीमुळे कुठला प्रश्न विचारायचा राहिला, कुठलं उत्तर तुम्ही चुकीच्या पाटीत टाकलं, ते सांगा.

माझ्या बाबतीत ते असं झालं. मी 'ताण' विचारत होते, बाया 'घोर' म्हणत होत्या. जिवाला घोर लागतो तो बोट समुद्रात असताना, वारा फिरल्यावर. बंदीच्या महिन्यांबद्दल त्या पैशाची ओढाताण सांगत, उधारी सांगत, आणि त्याच दमात सांगत की पुरुष घरी असतात, रात्री झोप लागते. मी 'घोर' हा शब्द 'चिंता' या रकान्यात टाकला आणि सगळी चिंता बंदीच्या खात्यावर जमा केली. का? पगार थांबला की घर कोसळतं, ही भीती मी नोकरदार घरात वाढताना शिकले होते. बिनकमाईचा महिना म्हणजे भयाचा महिना, हे माझ्या घरचं गणित होतं. समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट पाहणं माझ्या घरात कुणी केलं नव्हतं, म्हणून मी त्याबद्दल एकही प्रश्न काढला नव्हता. हे मला दुसरी वही ठेवायला लागल्यावर, सहा वर्षांनी कळलं. प्रबंध तोवर मंजूर होऊन कपाटात गेला होता.

आज माझे विद्यार्थी मेट्रोने वर्सोव्याला, म्हणजे याच वेसाव्याला, उतरतात आणि फोनवर मुलाखत ध्वनिमुद्रित करतात. त्यांच्याकडून मी एकच गोष्ट हट्टाने करून घेते: ध्वनिमुद्रण ओट्यावर पाय ठेवताना, परवानगी घेताच सुरू करायचं, आणि समोरच्याने तुम्हाला विचारलेला प्रत्येक प्रश्न शब्दांकनात जसाच्या तसा लिहायचा.

माझी ती कॅसेट आता वाजत नाही, फीत चिकटली आहे. शब्दांकन आहे. ते चौथ्या मिनिटापासून सुरू होतं.